मोहन, आमिक्षा आणि खारें बिस्किट

बिस्किट ही वस्तु विकत आणावयाची, घरीं करावयाची नव्हे, अशी आपल्याकडील समजूत फार जुनी आहे. चकली, कडबोळीं, शेव, शंकरपाळीं हे पदार्थ ज्या घरांत दर दिवाळीस डबे भरभरून होतात, त्याच घरांत चार खारीं बिस्किटें करावयाचीं म्हटलीं कीं गृहिणी कचरतात. भट्टी कोठें आहे, साचे कोठें आहेत, इथपासून शंका निघतात. वस्तुतः ज्या हातांना शंकरपाळ्याचें मोहन साधतें, त्या हातांना बिस्किटांत शिकण्यासारखें फारच थोडें राहतें. अलीकडे आमच्या महालांतील जुन्या वाड्यांतूनहि विजेच्या लहान भट्ट्या आल्या आहेत, आणि नातवंडें मोबाइलच्या पडद्यावर पाहून चीज घातलेल्या खुसखुशीत बिस्किटांचा हट्ट धरूं लागलीं आहेत. तो हट्ट पुरवावा काय, आणि पुरवावयाचा तर कोणत्या वस्तु घेऊन, ह्याचा विचार येथें करावयाचा आहे.

गृहिणींच्या कचरण्याचें मूळ केवळ भट्टीच्या अभावांत नाहीं. पाव आणि बिस्किट हीं एके काळीं आपल्या समाजांत धर्मभ्रष्टतेचीं साधनें मानलीं जात. ऑक्टोबर १८९० मध्यें पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें एक सभा झाली व सभेनंतर चहा-बिस्किटें पुढें आलीं. निमंत्रितांत न्यायमूर्ति रानडे होते, टिळक होते. गोपाळराव जोशी यांनीं हजर मंडळींचीं नांवें ‘पुणें वैभव’ पत्रांत छापवलीं आणि शहरांत मोठें ग्रामण्य उभें राहिलें. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें. टिळकांनीं आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचें सांगितलें. रानड्यांनीं १८९२ सालीं घेतलें, आणि रमाबाईंनीं आपल्या आठवणींत तो प्रसंग नोंदवून ठेविला आहे. पुढें १८९८ च्या सुमारास दिल्लीस ‘हिंदू बिस्किट कंपनी’ ह्या नांवाचा कारखानाच निघाला. उच्चवर्णीयांच्या हातून माल तयार होतो, हीच त्याची मोठी जाहिरात. आज वाचतांना हंसूं येतें. पण त्या काळीं ह्या प्रश्नावरून घराघरांत दोन तट पडत आणि सोयरिकी अडत, हें विसरतां येत नाहीं.

तो स्पर्शास्पर्शविचार निदान आमच्या पिढीनें तरी टाकून दिला, आणि टाकला हें उत्तमच झालें. परंतु बिस्किट कोणाच्या हातचें हें न विचारणारा मनुष्यहि बिस्किटांत काय पडलें आहे हें विचारूं शकतो, आणि त्यानें विचारावें. हल्लीं पुष्कळ घरांत खाऊचे दोन डबे झालेले दिसतात. एक मुलांच्या पाकिटांचा, दुसरा वडील माणसांचा. आमच्याच घरीं थोरली बहीण, जिला सारीं आक्का म्हणतात, ती दुकानच्या चीज-बिस्किटाला हात लावीत नाहीं, आणि नातू तिच्या डब्यांतील कडबोळ्याकडे ढुंकून पाहत नाहीं. दुपारच्या चहाला दोघें एका घडवंचीवर बसतात, पण खातात निराळें. सूनबाईंनीं घरीं बिस्किटें करून पाहण्याचा बेत काढला तो ह्यासाठीं, आणि चिजाच्या शास्त्राचा तपास माझ्याकडे सोंपविला.

प्रथम मोहन. पिठांत कडकडीत अथवा घट्ट तूप घालून तें दोन्ही हातांनीं चोळणें ह्याला आपण मोहन घालणें म्हणतों, आणि मोहन बेताचें पडलें म्हणजे पदार्थ खुसखुशीत होतो हें प्रत्येक मुलीला आईकडून कळलेलें असतें. ह्याचें कारण असें. गव्हाच्या पिठांत जें प्रथिन असतें त्याला पाणी लागून तें मळलें गेलें कीं त्याचे चिवट तंतू बनतात. पोळी लांबते ती ह्याच तंतूंमुळें. पाणी लागण्यापूर्वींच पिठाच्या कणाकणाला तुपाचें आवरण बसलें, तर तंतू लांब होऊं शकत नाहींत, तोकडे राहतात. इंग्रजींत अशा पदार्थांना ‘शॉर्ट’ हें विशेषण लावतात. स्कॉटलंडांतील प्रसिद्ध ‘शॉर्टब्रेड’ म्हणजे एक भाग साखर, दोन भाग लोणी व तीन भाग पीठ. संस्कृतांत तुपातेलाला स्नेह म्हणतात. पण पिठांत हा स्नेह जोडण्याचें नव्हे, तोडण्याचें काम करतो, ही मौज शब्दार्थ शिकवितांना मला नेहमीं वाटत असे.

तेव्हां मोहनाचा पदार्थ आपणांस परका नाहीं. शंकरपाळें हें नांव शंकराशीं जोडणारे भाविक पुष्कळ भेटतात, परंतु तें फारसी ‘शकरपारा’चें आपल्या जिभेवर झालेलें रूप आहे. नानकटाईंतील ‘नान’हि फारसीच. ती सुरतेची. तेथील डच वखारीच्या भट्टीचा वारसा आपल्याकडे आला, असें दोटीवाला ह्या पारशी घराण्याची परंपरा सांगते. डचांनीं सुरत १८२५ सालीं सोडली. आपल्याकडे मात्र ती घरगुतीच झाली. पीठ, तूप, साखर घरून न्यावयाची आणि गल्लींतल्या भट्टीवर पत्र्यांच्या परातींतून भाजून आणावयाचें, ही चाल महाराष्ट्रांतील अनेक गांवांत होती. आमच्या विदर्भांत ह्या कुळाचें भूषण म्हणजे वर्ध्याच्या गोरस भांडाराचा गोरसपाक. गाईच्या तुपाचा, दांतांखालीं विरघळणारा. गांधीजी व जमनालाल बजाज यांच्या गोसेवेच्या चळवळींतून हें काम वाढलें. १९४१ सालीं वर्ध्यास गोसेवा संघ स्थापन झाला. वर्ध्याहून येणाऱ्या पाहुण्यानें गोरसपाकाचा पुडा आणला नाहीं तर अजूनहि नागपुरास त्याची विचारपूस जरा कोरडीच होते. हा गोरसपाक गोड. त्यांतील साखर काढून तिच्या जागीं चीज घातलें कीं झालें आपलें खारें बिस्किट. पण खरी अडचण त्या चिजापाशींच आहे.

दूध नासविणें हेंच अशुभ, असें म्हणणारीं वडील माणसें मीं पाहिलीं आहेत. गाईचें दूध फाडणें म्हणजे तिचा अपमान, अशी त्यांची भावना. भावनेचा आदर आहे, परंतु तिला श्रुतीचा आधार सांपडत नाहीं. चातुर्मास्य यागांतील वैश्वदेवपर्वांत तापलेल्या दुधांत दहीं घालून तें फाडतात. जो घट्ट भाग निघतो ती आमिक्षा, आणि जें पाणी उरतें तें वाजिन. आमिक्षा विश्वेदेवांस, वाजिन वाजींस. ह्या दोन द्रव्यांवरून मीमांसकांनीं केवढा तरी खल केला आहे. अमरकोशांतहि आमिक्षेची व्याख्या हीच. चरक आणि सुश्रुत किलाट व कूर्चिका ह्या दुग्धविकारांचे गुणदोष सांगतात, तर बाराव्या शतकांत कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वरानें रचलेल्या मानसोल्लासांत दूध आंबटानें फाडून त्याचे पदार्थ करण्याची कृति आहे. खरवस आवडीनें खाणाऱ्यानें तर दुधाचा गोळा पाहून बिचकूंच नये. तेव्हां हा पहिला आक्षेप मला टिकणारा वाटत नाहीं.

दुसरा आक्षेप खरा आहे. आमिक्षा किंवा पनीर आंबटानें होतें. युरोपांतील बहुतेक चीज आंबटानें होत नाहीं. दूध पिणाऱ्या वासराच्या चौथ्या जठरांत दूध गोठविणारें एक द्रव्य असतें, त्याला रेनेट म्हणतात. कापलेल्या वासरांच्या जठरांतून तें काढावयाचें व कोमट दुधांत घालावयाचें, ही तिकडील शेकडों वर्षांची पद्धति. रेनेटानें जमलेला गोळा आंचेवर वितळतो, आंबटानें जमलेला वितळत नाहीं. पनीर कढईंत टाकलें तरी चौकोनीच राहतें तें ह्यामुळें. इटलीचें ‘पार्मेजानो रेज्जानो’ तर तेथील नियमाप्रमाणें वासराच्या रेनेटाचेंच असावें लागतें. परदेशीं राहणारे आपले मुलगे प्रेमानें असा एखादा तुकडा पेटींतून आणतात आणि आई तो देवघरासमोरच्या फडताळांत ठेवते. दोघांनाहि ठाऊक नसतें कीं शाकाहारी घराला तो निषिद्ध आहे. आक्काचा आक्षेप हाच होता, आणि तिला शास्त्र कळत नव्हतें तरी शंका बरोबर होती.

परंतु रेनेटाला पर्याय निघून आतां बराच काळ लोटला. कांहीं बुरशींपासून तेंच काम करणारें द्रव्य मिळतें. १९९० सालीं अमेरिकेंत वासराच्या रेनेटांतील मुख्य द्रव्य सूक्ष्म जंतूंकरवीं तयार करून वापरण्यास परवानगी मिळाली, आणि आज जगांतील चिजाचा मोठा भाग त्यावरच होतो. पोर्तुगालांत काट्याच्या एका झाडाच्या फुलांनीं दूध जमवितात. वनस्पतींचें म्हणाल तर आपल्या अश्वगंधेची एक सख्खी बहीण आहे. तिला हिंदींत ‘पनीर डोडी’ म्हणतात, आणि तिच्या फळांनीं दूध जमतें म्हणूनच तें नांव पडलें. आपल्या देशांत गुजराथेंतील आणंदच्या सहकारी दुग्धालयानें १९५५ सालीं म्हशीच्या दुधाची भुकटी करून दाखविली. म्हशीच्या दुधाचें होत नाहीं असें परदेशी तज्ज्ञ सांगत होते. पुढें तेथेंच म्हशीच्या दुधाचें चीजहि निघूं लागलें. आतां आपल्याकडे खाद्याच्या वेष्टनावर शाकाहाराची हिरवी खूण सक्तीची झाली आहे. ती खूण पाहावी, आणि त्यापलीकडे घटकांच्या यादींत रेनेट कोणतें लिहिलें आहे तेंहि वाचावें. आक्कानें भिंग मागवून तें बारीक अक्षर स्वतः वाचलें, ‘मायक्रोबियल’चा अर्थ मला विचारला, आणि मग पाकीट सूनबाईंच्या हातांत दिलें.

आतां कृति. मैदा १५० ग्रॅम व तांदळाची बारीक पिठी ५० ग्रॅम एकत्र चाळून घ्यावी. पिठीनें कुरकुरीतपणा येतो. मैदा नको असेल तर त्यांतील निम्म्या जागीं कणीक घ्यावी. रंग काळसर येतो, चव बिघडत नाहीं. खारें लोणी, म्हणजे बाजारांतील बटर, १२० ग्रॅम, शीतकपाटांतून काढलेलें, कठीण असतांनाच बारीक तुकडे करून पिठांत टाकावें आणि बोटांच्या अग्रांनीं चोळावें. तळहात लावूं नये. तळहाताच्या उष्णतेनें लोणी वितळतें. रव्यासारखें दिसूं लागलें म्हणजे किसलेलें चीज १२० ग्रॅम, एक लहान चमचा ओवा, अर्धा चमचा जाडसर मिरपूड व एक मोठा चमचा चुरडलेली कसुरी मेथी घालून गोळा करावा. पाणी घालूं नये. गोळा जमतच नसेल तर एक चमचा थंड दूध पुरे. मळूं तर मुळींच नये. पोळीच्या कणकेची संवय असलेल्या हातांना येथेंच मन आवरावें लागतें. मीठ वेगळें नको. बटरांत व चिजांत तें भरपूर असतें.

लोण्याऐवजीं तूप घालणाऱ्यांनीं एक हिशेब ध्यानांत ठेवावा. बाजारच्या बटरांत स्निग्धांश सुमारें ८० टक्के असतो, बाकी पाणी व मीठ. म्हणून १२० ग्रॅम बटराच्या जागीं तूप ९५ ग्रॅमच घ्यावें, तें रवाळ असावें, आणि मग अर्धा चमचा मीठ घालावें. घरचें ताकावरचें लोणी गोड लागतें, पण त्यांत पाणी पुष्कळ. तें फडक्यांत दाबून घेतल्याशिवाय वापरूं नये.

गोळ्याची दोन बोटें जाड अशी वळी करावी, कागदांत गुंडाळून तासभर शीतकपाटांत ठेवावी. ही पायरी नागपुरांत टाळतां येत नाहीं. वैशाखांत पारा ४५ अंशांवर गेला म्हणजे ओट्यावर ठेवलेलें लोणी आपोआप तूप होऊं पाहतें. त्या दिवसांत हें काम सकाळीं सातच्या आंत उरकावें, किंवा सरळ मृगापर्यंत थांबावें. थंड वळीच्या सुरीनें अर्ध्या सेंटीमीटर जाडीच्या चकत्या कापाव्या. वरील प्रमाणांत ४० ते ४४ होतात. भट्टी १६५ अंशांवर आधीं तापवून घ्यावी व २२ ते २५ मिनिटें भाजावें. कडा सोनेरी झाल्या कीं बाहेर. गरम असतांना बिस्किट मऊ लागतें, म्हणून पुन्हां भट्टींत ढकलण्याचा मोह होतो. थांबावें, निवतांना तें कडक होतें. चीज जळलें कीं कडू होतें, आणि तो कडूपणा कशानेंहि झांकत नाहीं.

विजेची भट्टी नसेल त्यांनीं जुनी लोखंडी कढई घ्यावी, तळाशीं दोन बोटें वाळू पसरावी, वर तिवई, तिवईवर ताटली व त्यावर घट्ट झांकण. वाळू पंधरा मिनिटें तापल्यावर ताटली ठेवावी आणि मंद आंचेवर ३५ ते ४० मिनिटें द्यावीं. झांकणावर चार निखारे ठेवण्याची आजीची युक्ति अजूनहि सर्वांत चांगली, पण निखारे आतां कोणाकडे असतात? पाण्यावांचून कुकर तापवून त्यांत बिस्किटें भाजण्याचा सल्ला सर्वत्र दिला जातो, तो मला पसंत नाहीं. ॲल्युमिनिअमचें भांडें कोरडें तापवून बिघडतें, आणि उद्यां त्यांतच वरणभात शिजवावयाचा असतो.

पाल्याविषयीं थोडें सविस्तर लिहितों, कारण येथें आपलें स्वयंपाकघर पाश्चात्य पुस्तकांहून श्रीमंत आहे. ती पुस्तकें थाईम नांवाचा पाला घालावयास सांगतात. थाईमला जो वास आहे तो थायमॉल ह्या द्रव्याचा, आणि तेंच द्रव्य आपल्या ओव्यांत विपुल आहे. तेव्हां ओवा घालणारानें थाईमसाठीं पेठा धुंडाळूं नयेत. कुंडींतला पानओवा घालावयाचा तर एकच पान, बारीक चिरून, फडक्यांत दाबून घ्यावें. तो पाणीदार असतो. कढीपत्ता फार चांगला लागतो. तो आधीं तव्यावर कोरडा करून चुरावा. पुदिन्याचें तसेंच. कोथिंबीर मात्र, जिला आम्ही नागपूरकर सांबार म्हणतों, येथें वायां जाते. तिचा सुगंध वाळतांच उडतो, आणि भट्टींतून हिरव्या गवतासारखी कांहीं तरी वस्तु बाहेर येते. सांबारवडींत ती शोभते, कारण तेथें ती पारींत लपून वाफेवर राहते. पारी तेलाची आंच सोसते. युरोपांतील बेसिल हा तुळशीचाच भाऊबंद आहे असें सांगून नातवानें एकदां वृंदावनाकडे बोट दाखविलें होतें. वनस्पतिशास्त्र त्याच्या बाजूचें होतें, आक्का नव्हती; तुळस वांचली.

चीज नकोच अशा घरांनीं चक्का घालावा. दही रात्रभर टांगून, वर वजन ठेवून कोरडा केलेला चक्का ६० ग्रॅम, शिवाय पाव चमचा मीठ. चक्क्यांत पाणी अधिक, म्हणून भाजून झाल्यावर भट्टी १२० अंशांवर उतरवून आणखी दहा मिनिटें ठेवावें. चव आंबूस येते, चिजाची नव्हे. पण ओव्याशीं ती जुळते. असा माल दोन दिवसांत संपवावा.

एवढा खटाटोप कशाला, कोपऱ्यावर खारी मिळते, असें म्हणणाऱ्यांना एक गोष्ट सांगावीशी वाटते. भट्टीवाल्यांच्या खारी-बिस्किटांत लोण्याच्या जागीं वनस्पति तूप फार वर्षांपासून आहे, कारण तें स्वस्त व उन्हाळ्यांतहि घट्ट राहतें. तेल घट्ट करण्याच्या जुन्या प्रक्रियेंत जो ‘ट्रान्स’ जातीचा स्निग्धांश तयार होतो तो हृदयाला अपायकारक ठरला, आणि सरकारनें जानेवारी २०२२ पासून तेलातुपांतील त्याचें प्रमाण २ टक्क्यांवर आणून ठेवलें. नियम चांगला आहे. सुट्या खारीच्या परातीवर मात्र यादी लिहिलेली नसते. विलेपार्ल्याच्या कारखान्यांतून निघालेलीं ‘चीजलिंग्ज’ मुलांना पिढ्यान् पिढ्या आवडलीं आहेत. त्यांच्या पाकिटावर निदान यादी तरी असते, ती वाचावी.

बिस्किटें पूर्ण निवल्यावर कोरड्या डब्यांत भरावीं. गरम भरल्यास वाफेनें रात्रींत लिबलिबीत होतात. हिंवाळ्यांत आठ-दहा दिवस टिकतात. श्रावणांत सर्दावलीं तर १२० अंशांवर दहा मिनिटें ठेवून पुन्हां निववावीं, पूर्ववत् होतात. वळी भाजल्याशिवाय गोठणकप्प्यांत महिनाभर राहते, आणि पाहुणे आले कीं पाऊण तासांत चहाबरोबर ताटली पुढें करतां येते. तळाशीं जो चुरा राहतो तो टाकूं नये. टोमॅटोच्या सारावर तो छान लागतो, आणि आमच्याकडे तर तान्ह्या पोळ्याच्या संध्याकाळीं नातू तोच चुरा दह्यांत कालवून मागतो, त्यांत आक्का वरून चिमूटभर जिरेपूड घालते.